दोन खोल्यांचा कायमचा पत्ता

पासपोर्ट कचेरीच्या फाटकासमोर, फूटपाथवर, घडीचं टेबल आणि त्यावर छत्री लावून ती सोळा वर्षं बसत होती. आधी टाइपरायटर होता, मग लॅपटॉप आला. छत्री मात्र तीच, तीन ठिकाणी ठिगळ लावलेली. लोक तिला फॉर्मबाई म्हणत, आणि तिला आणखी एखादं नाव असेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नसावी. बाहेरदेशी मजुरीला निघालेल्यांचे फॉर्म ती भरून द्यायची. ज्याला स्वतःची जन्मतारीख धड सांगता येत नाही, त्याच्याकडून ती पाऊण तासात आज्याच्या गावापर्यंत सगळं वदवून घ्यायची. तिने भरलेला फॉर्म खिडकीवरून परत आल्याचं त्या कचेरीत कुणाला आठवत नाही. आठवत असेल त्याने समोर येऊन सांगावं.

या बाईने एक्केचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं, आणि विषय निवडला आंतरराष्ट्रीय संबंध.

प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनाने तिचा अर्ज उलटसुलट करून पाहिला. अर्जात चूक सापडेना, म्हणून त्याने बाईतच चूक शोधायला घेतली. या वयात भाषा घ्यावी, गृहविज्ञान घ्यावं, हे असलं जगाचं लचांड कशाला, असं त्याचं म्हणणं.

"संबंध आहेत हो माझे," ती म्हणाली. "अभ्यास तेवढा राहिलाय."

कारकून हसला. बाई विनोद करते असं त्याला वाटलं. ती विनोद करत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. टेबल टाकून तिला पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक गवंडी आला. बाकी सगळं भरून झालं आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यावर गाडी अडली. तो जी इमारत बांधायचा तिथेच झोपायचा. गावातलं घर रस्ता रुंद करताना गेलं होतं, आता तिथून ट्रक जायचे. "इमारत उभी राहिली की माझा पत्ता उठतो, बाई," तो म्हणाला. त्याच दिवशी तिच्या स्वतःच्या घराचा विजेच्या मीटरचा अर्ज अर्धवट टाइप होऊन बाजूला पडला होता. बोटांना सवय लागली की ती डोक्याला विचारत बसत नाहीत. तिने गवंड्याच्या फॉर्मवर स्वतःचाच पत्ता मारून टाकला. खोली क्रमांक, गल्ली, पिनकोड, सगळं. चूक लक्षात आली ती घरी जेवायला बसल्यावर. फॉर्म तोवर आत जमा झालेला.

पुढचे आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी पडताळणीसाठी हवालदार दारात.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ती आणि तिचा नवरा, जो बस डेपोत फिटर होता आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचा. बाहेरच्या खोलीत त्याची थोरली बहीण शिलाई मशीन टाकून बसायची. लग्न मोडून माहेरी आलेली, आणि घर आईने तिच्याच नावावर केलेलं. या नणंदेची जीभ तिच्या कात्रीलाही लाजवील अशी. भावजय फूटपाथवर बसते याचं तिने कधी कौतुक केलं नाही. "वहिनीसाहेबांची कचेरी छत्रीखाली भरते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

हवालदाराने कागदावरचं नाव वाचलं आणि विचारलं, हा इसम इथे राहतो का? नणंदेला यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. तिने भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं, त्यावरचा उडालेला रंग पाहिला, आणि मशीनवरचा पाय न थांबवता म्हणाली, "राहतो. आमचा आतेभाऊ आहे."

हवालदार सही घेऊन गेला. मग मात्र मशीन थांबलं, आणि "आता सांग, हा मेला कोण?" इथपासून जी उलटतपासणी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत चालली.

गवंडी गेला वाळूच्या देशात. देशांची खरी नावं त्या फूटपाथवर कुणी घेत नसे. वाळूचा देश, बर्फाचा देश, दोन समुद्रांपलीकडचा देश, एवढ्यावर सगळ्यांना कळायचं. जाताना त्याने ही गोष्ट दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याला. चुकून झालेलं काम फॉर्मबाई मग समजून उमजून करू लागली. नियम तिचे कडक. ज्याला गावी उंबरा शिल्लक आहे त्याला हा पत्ता मिळायचा नाही. पत्त्याचा एक पैसा घ्यायचा नाही. आणि पोहोचल्यावर फोन नंबर कळवायचा, नाही कळवला तर परत तोंड दाखवायचं नाही. त्या घराण्यात आतेभावंडं वाढत गेली. हवालदार बदलत राहिले. एका चौकस हवालदाराने विचारलं, तुमच्या आत्याला मुलं तरी किती? "आत्या अकरा होत्या," नणंद म्हणाली, आणि दोरा तोडला.

ज्यांना हा खोटेपणा वाटतो त्यांनी एक वर्ष सिमेंटच्या पोत्यांवर झोपून पाहावं आणि मग बोलावं.

माणसं गेली, आणि पत्रं येऊ लागली. कंपन्यांची, इस्पितळांची, वकिलातींची, न्यायालयांची. पोस्टमन रोज घाम पुसत जिना चढायचा आणि म्हणायचा, या दोन खोल्यांना वेगळं पोस्ट ऑफिस द्या एकदाचं. नणंद कुरकुरत प्रत्येक देशाचा गठ्ठा वेगळ्या रंगाच्या चिंधीने बांधायची. वाळूच्या देशाला पिवळी, बर्फाच्या देशाला पांढरी, दोन समुद्रांपलीकडच्याला निळी. फॉर्मबाई दुपारच्या सुट्टीत ज्याचं त्याला फोन लावून पत्र वाचून दाखवायची.

एक पत्र तिला वाचता आलं नाही. दोन पानं, भाषा अनोळखी, खाली गोल शिक्का. वाचणारा शोधण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एका औषधाच्या दुकानात त्या देशात राहून आलेला माणूस भेटला. त्याने पत्र वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं. या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास राहण्याचा परवाना रद्द, असं लिहिलं होतं. तारीख कालची होती. तो आतेभाऊ, मूळचा सुतार, अकरा महिने कोठडीत राहून परत आला. आल्यावर तिच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, तुमची चूक नाही, बाई. चूक तिची नव्हतीच. पण त्या दोन दिवसांनी तिला आतून पोखरलं. दोन देशांमध्ये एक कागद कसा चालतो, कोण लिहितो, कुणाच्या भाषेत लिहितो आणि तारीख कोण ठरवतो, हे जिथे शिकवतात तिथे जायचं, असं तिने ठरवलं. नवऱ्याने त्या दिवशीच्या विसांपैकी दोन शब्द खर्च केले. "जा की."

वर्ग सकाळी सात ते दहा. कचेरी साडेदहाला उघडायची, ते तिला सोयीचं होतं. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या वयाची मुलंमुली. पहिल्याच तासाला विभागप्रमुखांनी फळ्यावर लिहिलं, संयुक्त राष्ट्रांचे सभासद एकशे त्र्याण्णव. हे विभागप्रमुख म्हणजे कडक इस्त्रीचे गृहस्थ, खडूसुद्धा रुमालात धरायचे. फॉर्मबाईने वहीच्या मागच्या पानावर आकडा मांडला. घरच्या पत्त्यावर तेव्हा एकशे एक्क्याण्णव आतेभावंडं होती. "दोन कमी पडतात," ती शेजारच्या मुलीला म्हणाली, आणि त्या मुलीला त्याचा अर्थ दीड वर्षाने कळला.

ती पुस्तकं फॉर्म वाचतात तशी वाचायची. कुठला रकाना रिकामा सोडलाय हे आधी बघायचं, मग मजकूर. करार, तह, ठराव, सगळ्यांत तिला लबाडीचे शब्द सापडायचे. दुसऱ्या वर्षी वर्गात लुटुपुटीची परिषद भरली. प्रत्येकाला एक देश. तिच्या वाट्याला एक चिमुकलं बेट आलं, ज्याचं नावही मुलांना नीट घेता येईना. ठरावाचा मसुदा तयार झाला, टाळ्या वाजणार, तेवढ्यात बेट उभं राहिलं. मसुद्यात 'यथावकाश' असा शब्द होता. मदत यथावकाश पोहोचवली जाईल. बेटाने सांगितलं, हा शब्द मी अठरा वर्षं वाचतेय, याचा अर्थ कधीच नाही असा होतो, इथे तारीख घाला. मोठ्या देशांनी समजूत घातली, मग आवाज चढवला. बेट तासभर हललं नाही. शेवटी बावीस देशांनी तारीख घातली, आणि एका महासत्तेने बाहेर येऊन तिला चहा पाजला.

तिसऱ्या वर्षी प्रबंध होता, आणि पुढचं सगळं त्यावरून घडलं. त्याशिवाय पदवी नाही. तिने विषय लिहून दिला: कायमचा पत्ता. पत्ता नसलेला मजूर आणि दोन राज्यांमधला पत्रव्यवहार. सामग्री म्हणून घरातले रंगीत चिंध्यांचे गठ्ठे. ज्यांची पत्रं, त्यांच्यापैकी चाळीस जणांकडून तिने रीतसर संमतीपत्रं मागवली, नावं झाकली, तारखा उघड्या ठेवल्या. विभागाकडून उत्तर आलं की निर्णय यथावकाश कळविण्यात येईल. तिने त्या शब्दाखाली लाल रेघ मारली, समासात 'तारीख?' असं लिहिलं आणि कागद परत टेबलावर ठेवला. चौथ्या दिवशी मंजुरी आली.

अडचण चौथ्या प्रकरणाची होती. हे सगळे एकाच पत्त्यावर कसे, हे त्यात सांगावं लागणार होतं. गवंडी, टाइपरायटर, हवालदार, आतेभाऊ, सगळं. विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावून हळू आवाजात सांगितलं की पत्रांवरचा भाग उत्तम आहे, चौथं प्रकरण गाळा. सरकारी फॉर्मवर खोटी माहिती लिहिल्याची ही कबुली आहे. उद्या तुमच्यावर काही आलं तर विद्यापीठाला हात झटकावे लागतील. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती.

घरी त्याहून मोठा भडका उडाला. ती नवऱ्याला चौथं प्रकरण वाचून दाखवत होती, ते बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं.

"अठरा वर्षं मी तोंड बंद ठेवलं," नणंद दारात येऊन म्हणाली, "ते काय तू छापून काढावंस म्हणून? घर माझ्या नावावर, सह्या माझ्या. पदवी वहिनीसाहेबांना आणि चौकशी मला."

"ताई, तुमचं नाव कुठेच नाही त्यात. नुसतं नणंद लिहिलंय."

"तुला नणंदा किती आहेत?"

त्यानंतर दोघींमध्ये अबोला. नणंद भावाला सांगायची, तुझ्या बायकोला सांग भाजीत मीठ जास्त झालंय. फॉर्मबाई नवऱ्याला सांगायची, ताईंना सांगा उद्या कमी घालते. नवरा दोघींचं ऐकून घ्यायचा आणि कुणालाच काही सांगायचा नाही. वीस शब्दांत ते बसतही नव्हतं.

पंधरा दिवस ती अडून बसली. प्रकरण गाळलं तर पदवी सुखाने मिळत होती. ठेवलं तर फूटपाथवरचं टेबल जाऊ शकत होतं, घरात कायमची तेढ आली असती आणि प्रबंधही नापास झाला असता. पण माणसांना ती रोज एकच गोष्ट सांगायची, रकाना रिकामा सोडू नका, रिकाम्या रकान्यात दुसरा कुणी काहीतरी लिहितो. स्वतःच्याच प्रबंधात रिकामा रकाना सोडून ती कुठल्या तोंडाने छत्रीखाली बसणार होती? तिने चौथं प्रकरण ठेवलं आणि प्रबंध जमा केला.

तोंडी परीक्षा दुपारी तीनला, खुली. लांब टेबल, पाण्याचा जग, मागे खुर्च्यांवर वर्गातली मुलं. टेबलाच्या एका टोकाला विभागप्रमुख, मध्ये बाहेरून आलेले परीक्षक. पिकल्या केसांचे, आयुष्यभर निरनिराळ्या वकिलातींत नोकरी करून निवृत्त झालेले, कानाला यंत्र. फॉर्मबाई बसता बसता मागे वळली आणि तिला शेवटच्या रांगेत नणंद दिसली, मांडीवर शिलाईची पिशवी घेऊन. घरी ती दोरे आणायला जाते असं सांगून निघाली होती.

परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: वकिलातीतून जी पत्रं मजुरांच्या पत्त्यावर जात, त्यांतली निम्मी पत्ता सापडला नाही म्हणून परत येत. तुमच्या घरून किती परत गेली?

"एकही नाही," ती म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विभागप्रमुख बोलले. कायदा, शपथपत्र, खोटी माहिती, सगळं सौम्यपणे पण एकेक करून मांडलं, आणि विचारलं की याचं समर्थन तुम्ही कसं करता?

"समर्थन नाही करत, सर. खोटं लिहिलं, ते मान्य आहे," ती म्हणाली. "फॉर्मला रकाना होता, माणसाला पत्ता नव्हता. दोघांतलं एक बदलायला हवं होतं. फॉर्म बदलणं माझ्या हातात नव्हतं."

मागची मुलं चुळबुळली. परीक्षकांनी पानं उलटली आणि सत्तेचाळिसाव्या पानावर थांबले. इथे एक व्यक्ती आहे, ते म्हणाले, जिने हवालदाराला सांगितलं की तो इथे राहतो. त्या एका वाक्यावर हा सगळा पत्ता उभा आहे. चाळीस जणांची संमतीपत्रं जोडली आहेत तुम्ही. या व्यक्तीचं कुठे आहे?

हजारो फॉर्म भरणाऱ्या त्या बाईकडून एक फॉर्म राहिला होता, आणि तो घरातलाच. राहिला कसा, तर तो लागतो हे तिच्या मनातच आलं नव्हतं. घरातल्या माणसाला कोण फॉर्म देतं?

विभागप्रमुखांनी सुटकेचा श्वास सोडला. मग नियमाप्रमाणे चौथं प्रकरण वगळून परीक्षा पुढे नेऊ, असं ते म्हणाले. उरलेल्या प्रकरणांवर उत्तीर्ण व्हायला हरकत नाही.

पंधरा दिवस ज्या प्रकरणासाठी ती घरात आणि विभागात अडून बसली होती, ते तिने स्वतःच पुढे सरकवलं. "काढा," ती म्हणाली. "त्यांना विचारायचं राहिलं माझ्याकडून. त्यांची हरकत आहे, मला ठाऊक आहे. त्यांच्या हरकतीवर मी पदवी घेणार नाही."

मागे खुर्ची सरकली.

"हरकत कशाला होती ते तरी नीट सांग," नणंद उभी राहून म्हणाली. खोलीतल्या सगळ्या माना मागे वळल्या. ती पिशवी काखेत मारून सरळ टेबलापर्यंत आली. "हरकत लिहिण्याला नव्हती. न विचारण्याला होती. अठरा वर्षांपूर्वी विचारलं नाहीस, तेव्हा घाई होती, समजू शकते. आता तर वेळ होता." मग परीक्षकांकडे वळून, "कुठला फॉर्म आहे तो? द्या इकडे."

शिपायाने कोरं संमतीपत्र आणलं. नणंदेने चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसली. फॉर्मबाई सवयीने शेजारी वाकली आणि बोटाने रकाने दाखवू लागली, इथे नाव, इथे वय. "दिसतंय मला," नणंद म्हणाली, पण बोट झटकलं नाही. संशोधकाशी नातं या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरात 'नणंद' लिहिलं. पुढचा रकाना होता कायमचा पत्ता. तिथे ती थांबली आणि चष्म्यावरून परीक्षकांकडे पाहिलं.

"कायमचा म्हणजे किती वर्षांचा हो?"

चाळीस वर्षं हाच रकाना लोकांकडून भरून घेतलेल्या त्या माणसाने थोडा विचार केला. "आम्हाला कुणी कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

"तरीच," नणंद म्हणाली, आणि पत्ता लिहून सही केली.

चौथ्या प्रकरणावर मग पाऊण तास प्रश्न झाले. शेवटी शेवटी विभागप्रमुखही आपली भीती विसरून विचारू लागले, त्या सुताराच्या पत्राची भाषा, त्यावरची तारीख, असं असतं तर तसं झालं असतं का. पहिला वर्ग तिचा तीन गुणांनी हुकला. तिने अर्थातच फेरतपासणीचा अर्ज केला, आणि तो इतका बिनचूक होता की त्याच खिडकीतल्या कारकुनाने या वेळी तो न उलटता शिक्का मारला. दोन गुण वाढले. एका गुणासाठी तिने पुन्हा अर्ज केला नाही, यावर ओळखीतलं कुणी अजून विश्वास ठेवत नाही.

टेबल मात्र हललं. प्रबंधाची बातमी कचेरीपर्यंत पोहोचली, आणि फाटकासमोर बसू नका असा निरोप आला. लेखी द्या, ती म्हणाली. लेखी कुणी देईना, आणि फाटकावरचा पहारेकरी रोज येऊन उभा राहू लागला. शेवटी नवऱ्याने एका सकाळी काहीही न बोलता टेबल डोक्यावर घेतलं आणि रस्त्याच्या पलीकडे नेऊन मांडलं. आता माणसं रस्ता ओलांडून येतात. रांग पूर्वीपेक्षा लांब असते.

चार महिन्यांनी पोस्टमन घाम पुसत जिना चढून आला. हातात विद्यापीठाचा जाड लिफाफा. त्यावरचं नाव त्याने दोनदा वाचलं. इतकी वर्षं या दारात तो शेकडो नावांची पत्रं घेऊन आला होता, पण हे नाव त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या नावाचं पत्रच कधी आलं नव्हतं.

"ही कोण?" त्याने विचारलं. "नवी आतेबहीण वाटतं?"

नणंदेने मशीनवरचा पाय थांबवला. लिफाफा हातात घेतला, नाव पाहिलं, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "ही खरंच इथे राहते."